न तोललेला गूळ

माझ्या लेकीला आजवर दोनदा चारचौघांसमोर तोललं. एकदा देवीच्या देवळात आणि एकदा शाळेच्या व्हरांड्यात. देवळातलं आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही.

लग्नाला लई वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. ओटी भरताना गावातल्या बायका माझ्यापाशी आल्या की हात आखडता घ्यायच्या. शेवटी सासूबाईंनी रेणापूरच्या देवीला नवस बोलला, की सुनेला लेकरू होऊ दे, पाच वर्षांचं झालं की त्याच्या वजनाएवढा गूळ वाटीन. मुलगा होऊ दे असं त्या म्हणाल्या नाहीत, लेकरू म्हणाल्या. म्हणून तर मी त्यांचं पुढचं सगळं सोसलं. लेक झाली, पाच वर्षांची झाली, आणि आम्ही तिची गुळाची तुला केली.

आमचे हे लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर तोलाईचं काम करतात. सोयाबीनचं पोतं असो का तुरीचं, नुसतं कान धरून हलवलं की भरती सांगतात, आणि काट्यावर तेवढंच निघतं. यार्डात त्यांचा त्यावरून मोठा रुबाब. त्या दिवशी त्यांनी लेकीला काखेत धरून उचललं आणि म्हणाले, एवढ्या ढेपा बास. तेवढ्या ठेवल्या तर पोरीचं पारडं जागचं हलेना! ती आपली मांडी घालून बसलेली, परकर फुगलेला, हातात गुळाचा खडा, मजेत चाखत होती. अजून एक ढेप आणून ठेवली तेव्हा कुठं पारडं वर गेलं. बायकांनी ह्यांची लई टर उडवली. सासूबाईंनी नातीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "लई जड हाय माझी बाय. देवीनं भरून दिलं." तेव्हा जड असणं ही आमच्याकडं कौतुकाची गोष्ट होती.

दुसऱ्यांदा तोललं तेव्हा ती आठवीत होती. शाळेत आरोग्य तपासणी होती. व्हरांड्यात काटा मांडलेला, एक सर आकडा बघून मोठ्यानं सांगायचे आणि एक मॅडम लिहून घ्यायच्या. पोरापोरींची एकच रांग. हिची पाळी आली, सरांनी आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "जरा भात कमी कर की गं." बहुतेक सहजच म्हणाले असतील. पण मागच्या पोरांनी तो आकडा उचलला, आणि दुसऱ्या दिवसापासून हिला नावाऐवजी त्याच आकड्यानं हाका मारायला लागली. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. बास झाला त्याचा गवगवा.

पुढच्या शनिवारी पालकांना बोलावलं. मॅडम बिचाऱ्या एकेकाला सांगत होत्या, ह्याचं वजन कमी भरलं, तिचं जास्त भरलं. काय एकेक नमुने होते! एका वाळक्या पोराची आई उठून उभी राहिली आणि ओरडली, "आम्ही काय लेकराला उपाशी मारतो का? सकाळी दोन अंडी खाऊन येतो त्यो!" एक बाप हसून म्हणाला, "आमचा पैलवान होणार हाय मॅडम, वजन तर पाहिजेच." एकीनं तर तिथंच डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं, पोरीच्या कानामागं तीट लावली आणि मॅडमना दम दिला, "तोलायच्या आधी इचारायचं न्हाई? दृष्ट लागती!" अजून एक जण एवढंच विचारत होता, की ह्याचे मार्क कापले जातात का.

मी भांडायच्या तयारीत होते. पण आमचे हे शांतपणे म्हणाले, "किती जादा हाय?" पोत्याची भरती विचारावी तसं. मॅडमनी सांगितलं. मॅडम हेही म्हणाल्या, की उपाशी ठेवू नका, भाजी-भाकरी, खेळू द्या, वाढीचं वय आहे. हे मी ऐकलं. ह्यांनी नुसता आकडा ऐकला. ह्या माणसाचा आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास, काटा खोटं बोलत नाही. स्वतःच्या हाताचा अंदाज आणि काटा यांत फरक पडला तर तो काट्याचं ऐकणार. घरी येताना त्यांनी काचेचा काटा विकत घेतला आणि न्हाणीच्या दाराशी मांडला.

रोज सकाळी पोरगी त्यावर उभी राहायची आणि हे वाकून बघायचे. कमी दिसलं की "हूं" म्हणायचे. तेवढंच. पण त्या एका "हूं"साठी ती काय काय करायला लागली! भात बंद, तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बाजूला. मी तिच्या ताटात गुपचूप तूप सोडलं तर भांडं पुसावं तशी ती भाकरी पुसून काढायची. मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. "अहो, वाढती पोर हाय ती, आडतीवरचं पोतं न्हाई!" तर म्हणाले, "तुझंच लाडानं झालंय हे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण येणारा-जाणारा जो तो म्हणायचा, किती छान झालीस गं, उंच दिसायलीस. मग मीही गप बसले. एकटी किती जणांशी भांडणार?

श्रावणात तिनं सोमवार धरला. मला बरं वाटलं, खरं सांगते. आमच्या घरात बायांचे उपास ही काय नवी गोष्ट नाही. माझा गुरुवार, सासूबाईंचा सोमवार, चतुर्थी, एकादशी. सोमवारामागून तिनं गुरुवारही धरला. मग शनिवार. मी साबुदाण्याची खिचडी केली तर म्हणायची, "मला कडक उपास हाय आई, नुसतं पाणी." सासूबाई गावाहून आल्या की आनंदानं त्यांचे डोळे भरून यायचे. नवसाची पोर, देवीची झाली म्हणायच्या. शेजारणी आपल्या पोरींना हिचं उदाहरण द्यायला लागल्या. "तुम्ही मोबाइलमधी डोकं घालून बसा, आणि ती बघा." आणि मीही मिरवून घेतलं. पोर उपाशी होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं.

नवरात्र आलं तेव्हा पायाही पडलो. तिनं नऊ दिवसांचे उपास धरले, चप्पल सोडली. आमच्याकडं उठता-बसता उपास करतात, पहिल्या दिवशी आणि अष्टमीला. नऊ दिवस तर सासूबाईंनीही कधी केले नव्हते. अष्टमीला कुमारिका जेवायला घालतात. गल्लीतल्या चार पोरी बोलावल्या आणि त्यांत आपलीही धरली. परातीत एकेकीचे पाय घेऊन मी धूत होते. कोमट पाणी, हळद-कुंकू, मग पदरानं पुसायचे. आमच्या लेकीची पाळी आली. तिच्या पायांत चांदीची पैंजणं होती, मागच्या दिवाळीला घेतलेली, इतकी घट्ट की काढताना साबण लावावा लागायचा. मी तिचा पाय परातीत धरला, पाणी सोडलं, आणि एक पैंजण टाचेवरून सटकून परातीत पडलं.

ते उचलून मी परत घातलं. परत पडलं.

मी वर बघितलं. नव्या परकर-पोलक्यात माझी लेक बसलेली, कपाळाला मळवट, केसांत गजरा, आणि गालाची हाडं वर आलेली. रोज डोळ्यासमोर असलेलं माणूस कसं दिसत नाही आपल्याला? तिच्यापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं तर म्हणाली, "मला उपास हाय ना." मी म्हटलं, कुमारिकेला जेवावं लागतं बाळा, तो देवीचाच घास. तिनं एक घास हातात घेतला, कुस्करला, ताटातच ठेवून दिला. बाकीच्या पोरी खाऊन-पिऊन, हसत-खिदळत गेल्या. हिचं ताट तसंच्या तसं.

त्या संध्याकाळी मी तिला धरून बसवलं. आधी प्रेमानं म्हटलं, मग ओरडले, मग हात जोडले. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुझा गुरुवार असतो तेव्हा मी तुला खा म्हणते का? उपास मोडला तर पाप लागतं, तूच सांगितलं ना." माझंच शस्त्र माझ्याच गळ्याला. देवघरात गेले आणि देवीला नाही नाही ते बोलले. म्हटलं, "बये, मागून मागून एक दिलीस, तीही परत घ्यायला बसलीस का?" 

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. लातूरच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. शेवटी म्हणाले, हे पोटाचं दुखणं नाही, मनाच्या डॉक्टरांकडं न्या. सासूबाईंना हे कळलं तशा त्या फोनवरच कडाडल्या, "पोरगी काय येडी हाय का? लगन करायचंय तिचं!" मग आम्ही नायगावला माझ्या माहेरी चाललोय असं सांगून निघालो आणि नांदेडला गेलो, माझा भाऊ तिथं राहतो म्हणून.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. पोरीशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, ठोके फार मंद पडलेत, अशीच राहिली तर हृदय कधीही थांबू शकतं. मग त्यांनी विचारलं, "घरात वजनकाटा आहे?" ह्यांनी मान खाली घातली. ह्या माणसाला मी यार्डात शेठशी भांडताना बघितलंय, मालाचं माप कमी लागलं म्हणून शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहताना बघितलंय. त्या खोलीत "हाय" असं मलाच सांगावं लागलं. बाई म्हणाल्या, तो काटा आधी घरातून घालवा. तिच्यासमोर वजनाचं बोलू नका, कमी झालीस नको, भरलीस नको, छान दिसतेस तेही नको. दवाखान्यात आम्ही तोलू, पाठमोरी उभी करून. तुम्ही फक्त तिच्याबरोबर बसून जेवा, रोज, प्रत्येक वेळी. आणि खाताना तिच्या तोंडाकडं टक लावून बघू नका.

तिला काही दिवस तिथं ठेवून घेतलं. परत आलो तेव्हा ह्यांनी तो काटा गोणपाटात गुंडाळून बाहेर नेला. कुठं टाकला ते मी विचारलं नाही.

बरोबर बसून जेवा! किती सोपं वाटतं म्हणायला. एक पोळी संपायला दुपार सरायची. ती ताटात बोटं फिरवायची, रडायची, "माझं पोट फुगलंय" म्हणायची, आणि पोट तर पाठीला लागलेलं. मी गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, गल्लीतल्या चुगल्या सांगितल्या. एकदा संतापानं हात उगारला, आणि तिच्या दंडाचं हाड बघून तसाच हात धरून मीच हमसून हमसून रडले. असं रोज. उद्या ती उठेल का नाही, एवढाच विचार घेऊन मी अंथरुणातून उठायचे. चहा ठेवायच्या आधी तिच्या नाकापाशी बोट धरून बघायचे.

आणि उपास काही सुटेनात. सोमवार आला की जबडा घट्ट. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. वर्षानुवर्षं मी तो दिवसभर कडक करते. त्या सकाळी मी देवीची पूजा मांडली, हार घातला, आणि तिथंच पाटावर ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी घेऊन बसले. लेकीला म्हटलं, "ये, आजपासून या घरात कुणाचा उपास न्हाई." नेमक्या त्याच वेळी सासूबाई पिशवी घेऊन दारात. नात अजून सावरली नाही कळलं म्हणून पहिल्या एस्टीनं आलेल्या. माझ्या तोंडातला घास बघून त्या किंचाळल्याच. "अगं ये सटवे! गुरवारी? देवीसमोर?"

मग मीही सोडलं नाही. आजवर त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या दिवशी चढला. "हो, देवीसमोर! बघू दे तिला! तुमची नात देवीसाठी उपाशी न्हाई हो. काट्यासाठी उपाशी हाय! मरायली ती, आणि आपण सगळे वाहवा करायलो!"

सासूबाईंनी नातीकडं बघितलं. पिशवी खाली ठेवून तिच्या जवळ गेल्या, पोलक्याच्या बाहीत हात घालून तिचा दंड चाचपला. बराच वेळ चाचपत राहिल्या. मग हातपाय धुऊन माझ्या शेजारी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ मला." मार्गशीर्षातले गुरुवार त्याही धरायच्या, आणि आयुष्यात त्यांनी एकही उपास मोडला नव्हता. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तो आधी कपाळाला लावला. "पाप लागलं तर मला लागू दे," त्या देवीकडं बघून म्हणाल्या. "खा गं माय." पोरगी रडत रडत अर्धी भाकरी जेवली.

वाटलं, आता सुटलो. कसचं काय. मायेपोटीच सासूबाईंनी घोळ केला. जेवता जेवता एके दिवशी त्या म्हणाल्या, "तू बरी झालीस ना, की परत गुळाची तुला करणार हाय तुझी. बोललेय मी देवीला. ह्या बारीला लई ढेपा लागल्या पाहिजेत बघ!" लेकीच्या हातातला घास ताटात पडला. "नको आजी. मला तोलू नका. मला परत तोलू नका ना." एवढंच म्हणत राहिली, उठून भिंतीला पाठ लावून उभी. पुढचे दोन दिवस पाण्याचा घोट सुद्धा बळजबरीनं. आम्ही परत नांदेडची बॅग भरली.

सासूबाईंना आधी समजेचना. गुळाची तुला म्हणजे लाड, लेकराला त्यात काय भ्यायचं? मी त्यांना शाळेतलं सगळं सांगितलं, आकड्यानं मारलेल्या हाका सांगितल्या. मग म्हणाल्या, "बोललेला नवस मागं घेता येत न्हाई गं." आणि पिशवी उचलता उचलता, "पण मी देवीशीच भांडून येते." एकट्या रेणापूरला गेल्या. संध्याकाळी येऊन नातीच्या उशाशी बसल्या. "सांगितलं देवीला. तराजू न्हाई लावणार. मूठमूठ वाटणार, जेवढा हाताला येईल तेवढा. कमी पडला म्हणून रागावली तर माझ्यावर रागव म्हटलं, पोरीचं नाव घेऊ नको. आणि तू बरी व्हायची वाट बी बघत न्हाई मी. आत्ताच वाटते." त्या रात्री लेकीनं दूध घेतलं, आणि नांदेडची बॅग भरलेलीच राहिली.

गूळ आणायला मी ह्यांच्याबरोबर यार्डात गेले. दुकानदारानं सवयीनं ढेप उचलून काट्यावर ठेवली. ह्यांनी ती आकडा यायच्या आत उचलली. "तोलू नका. द्या तशीच." दुकानदार हसायला लागला, "अहो, तोलाईवालेच न तोलता न्यायलेत!" ह्यांनी ढेप खांद्यावर घेतली आणि रिक्षापर्यंत चालत गेले.

देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो. दुपारचं चटचटीत ऊन, तरी लेकीच्या अंगात स्वेटर. सासूबाईंनी ढेप फोडली आणि आम्ही येईल त्याच्या हातावर गूळ ठेवायला लागलो. ती बरी झाली आहे असं मी म्हणत नाही. आजही म्हणत नाही. एक दिवस जेवते, दोन दिवस अडते, आमचा जीव टांगणीला तो टांगणीलाच. त्या दिवशीही सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. माझा एक हात गूळ देत होता आणि सगळं लक्ष तिच्याकडं.

ढेपेतून उडालेला एक खडा तिनं उचलला. तळहातावर घेऊन बघत बसली. मग ह्यांच्यापुढं हात धरला. "पप्पा, हे किती भरंल?"

सासूबाईंचा हात थांबला. ह्यांनी खडा उचलून आपल्या तळव्यावर घेतला, जरासा वर-खाली केला. डोळे मिटून हा माणूस सांगू शकतो. खडा हातात पडताक्षणी त्यांना कळलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"न्हाई कळत, माय," ते म्हणाले.

"पोत्याचं तर कळतं तुम्हाला."

"पोत्याचं कळतं." त्यांनी खड्याचा तळवा तिच्यापुढं केला. "ह्याचं न्हाई कळत. तुझं तर मला पहिल्यापासून कळलं न्हाई. तवा बी चुकलो होतो, इचार आजीला."

मग त्यांच्या हातावरचा खडा उचलून तिनं तोंडात टाकला. आम्ही तिघांनीही चटकन माना वळवल्या. समोर एक म्हातारी हात पसरून उभी होती, तिच्या हातावर मी गूळ ठेवला, मग तिच्या मागच्या बाईच्या हातावर. कान मागंच होते. लई वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दाताखाली खडा फुटल्याचा आवाज आला.